पायावरच्या शिरा काढून देतो म्हणणाऱ्यांनी आधी खरं काय होतं ते सांगावं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पेपर उघडला तर आतनं एक रंगीत पत्रक खाली पडलं. पायावरच्या निळ्या-लाल शिरा एका सिटिंगमध्ये गायब, दुखणार नाही, डाग पडणार नाही, त्याच दिवशी पाय एकदम स्वच्छ, खाली मोबाईल नंबर. नाव मी लिहीत नाही, माझं कुणाशी भांडण नाही, पण ते पत्रक मी पार्लरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय आणि त्याच्यावरच हे पत्र लिहायला बसलीय. पत्र मोठं होणार आहे. जागा नसली तर कापा, फक्त डागाचं आणि किती महिने लागतात ते कापू नका एवढीच विनंती.

कोल्हापूरला राजारामपुरीत माझं लहान पार्लर आहे, १९ वर्षं झाली. वॅक्सिंगला रोज बायका येतात, म्हणजे दिवसभर लोकांचे पाय बघायचं कामच आहे माझं. घरच्या माणसांना, नवऱ्याला सुद्धा जे दिसलेलं नसतं ते आम्हाला पहिलं दिसतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या मागं, घोट्यापाशी बारीक बारीक लाल-जांभळ्या रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाहीतर झाडाला फांद्या फुटाव्यात तशा पसरलेल्या. आणि मग प्रश्न ठरलेला, ताई हे काय वो आलंय, हे निघंल काय? कॉलेजची पोरगी विचारते, बँकेतल्या मॅडम विचारतात, भाजी मंडईतल्या मावशी पण विचारतात. मला स्वतःला दुसऱ्या बाळंतपणापासून होत्या, आईला होत्या, आजीच्या तर पायावर गाठी गाठी होत्या. त्यात आमचं काम असं की नऊ-दहा तास एका जाग्यावर उभं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पायाचे इलाज करून घेतले आणि त्या सगळ्या काळात मला जे कुणी आधी सांगितलं नाही ते मी इथं लिहितेय.

आधी हे नेमकं काय ते. ह्याला स्पायडर व्हेन्स म्हणतात. कातडीच्या अगदी वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून दिसायला लागतात, जाडीला एक मिलिमीटरपेक्षा कमी. त्याच्या खाली निळसर-हिरवट जरा जाड शिरा असतात, एक ते तीन मिलिमीटर, त्या ह्या बारीक जाळ्याला रक्त पुरवतात. आणि तीन मिलिमीटरच्या वर गेल्या, दोरीसारख्या वर उठल्या की त्या व्हेरिकोज. डॉक्टर लोक ह्याच्या पायऱ्या शून्यापासून सहापर्यंत मोजतात, जाळं म्हणजे पहिली पायरी, गाठी दुसरी, सूज तिसरी, कातडी काळी पडणं चौथी, पाचवी म्हणजे जखम होऊन भरलेली, सहावी उघडी जखम. त्यामुळं जाळं दिसलं म्हणून घाबरायचं काही नाही, बहुतेकींच्या बाबतीत तो दिसण्याचाच प्रश्न असतो. पण दिसण्याचा प्रश्न म्हणून त्याला हसू पण नये. साडी नेसली तरी बाई स्वतःचा पाय रोज आंघोळीला बघते, माझ्याकडं एक मुलगी लग्नाआधी सहा महिने फक्त ह्याच गोष्टीनं झोपत नव्हती.

हे होतं कशानं तर पायातलं रक्त खालून वर हृदयाकडं चढवायचं असतं, त्यासाठी शिरांमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात आणि पोटरीचा स्नायू चालताना आवळला की रक्त वर ढकललं जातं. नुसतं उभं राहिलं की तो पंप बंद. झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली थांबतं, दाब वाढतो, बारीक वाहिन्या फुगतात. घराण्यात असणं हे सगळ्यात मोठं कारण, मग बाईचे हार्मोन, गरोदरपण, वजन, वय. महाद्वार रोडच्या साडीच्या दुकानातल्या पोरी, शाळेतल्या बाई, केएमटी बसमधल्या कंडक्टर, नवरात्रात अंबाबाईच्या रांगेला बंदोबस्ताला उभ्या असणाऱ्या पोलीस ताई, ह्या सगळ्या माझ्याकडं येतात आणि सगळ्यांचे पाय संध्याकाळी जड. केरळमध्ये २०१८ ला आणि तमिळनाडूत २०२१ ला दुकानातल्या कामगारांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा झाला. आपल्याकडं मालकांनी कायद्याची वाट न बघता काउंटरमागं एक स्टूल ठेवलं तरी लई होईल.

आता मूळ मुद्दा. ज्यांना हे काढायचंय त्यांनी पहिल्यांदा त्वचेचे किंवा रक्तवाहिन्यांचे डॉक्टर गाठावेत, पार्लर नाही, हे मी पार्लरवालीच सांगतेय. इथल्या सरकारी सीपीआर दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढून सुद्धा दाखवता येतं. आणि डॉक्टरांनी नुसतं बघून सुई भरली तर जरा थांबा. पाय जड होत असतील, संध्याकाळी घोट्याला सूज येत असेल, रात्री पेटके येत असतील, किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखं निळं जाळं असेल तर डॉप्लर सोनोग्राफी व्हायलाच हवी, आणि ती उभं करून. मला पहिल्या ठिकाणी झोपवून दोन मिनिटांत केली होती, दुसऱ्या डॉक्टरांनी उभं केलं, पोटरी दाबून सोडली आणि स्क्रीनवर दाखवलं की रक्त परत खाली येतंय की नाही ते. आत मोठ्या शिरेची झडप गळत असली आणि वरचं जाळं तेवढं जाळलं तर ते शेतातली हरळी वरनं कापल्यासारखं, मूळ खाली तसंच, परत उगवणार. माझी मोठी शीर सुदैवानं चांगली निघाली. माझ्या मोठ्या नणंदेची गळत होती, आधी त्या मोठ्या शिरेचा लेझरनं इलाज झाला आणि मग जाळ्याकडं वळले.

जाळ्याचा मुख्य इलाज म्हणजे इंजेक्शन, स्क्लेरोथेरपी म्हणतात. औषध पॉलिडोकॅनॉल नाहीतर सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. पॉलिडोकॅनॉल मुळात भूल द्यायचं औषध म्हणून निघालं होतं, म्हणून ते टोचताना फार झोंबत नाही, आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यानं, ते ह्या कामासाठी २०१० मध्ये मंजूर केलंय. हे औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, भिंती सुजून एकमेकींना चिकटतात, रक्त जायचं बंद होतं, मग ती शीर सुकून दोरा होते आणि शरीर ती हळूहळू जिरवून टाकतं. हळूहळू हा शब्द त्या पत्रकात कुठंच नाही बघा. शीर सुईनं ओढून काढत नाहीत किंवा पुसत नाहीत, शरीरच ती जिरवतं, आणि शरीराला त्याचा वेळ लागतो.

मला सगळ्या विचारतात की शीर बंद केली तर रक्त जाणार कुठनं. मी पण हेच विचारलं होतं. पायातलं जवळजवळ ९० टक्के रक्त आतल्या खोल शिरांतनं वर जातं, कातडीतल्या ह्या बारीक जाळ्याचा त्यात काही वाटा नसल्यासारखाच, त्या बंद झाल्या तरी पायाला काही कमी पडत नाही.

सिटिंगच्या दिवशी काय होतं ते सविस्तर सांगते कारण भीती ह्याचीच असते. आदल्या दिवसापासून पायाला तेल, लोशन काही लावायचं नाही, शेव्हिंग नाही, वॅक्सिंग तर चार-पाच दिवस आधीच बंद. पैंजण काढून घरी ठेवून जायचं. सैल सलवार घालायची, किंवा हाफ पँट बरोबर न्यायची. कुठल्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या सांगायच्या, रक्त पातळ करायच्या, पाळी लांबवायच्या, गर्भनिरोधक, लोहाच्या सुद्धा, लाजायचं नाही. आधी उभं करून फोटो काढतात, हे फोटो काढूनच घ्या, नंतर आपल्यालाच आठवत नाही आधी किती होतं ते. मग झोपवून स्पिरिटनं पुसतात आणि अगदी केसासारखी सुई, ३० नंबरची, जाळ्यात घालून थेंब थेंब औषध सोडतात. मुंगी चावल्यासारखं होतं, काही जागी जरा जळजळ, घोट्याजवळ आणि गुडघ्याच्या आत जास्त. औषध गेलं की डोळ्यादेखत ती रेघ पांढरी होते, मला वाटलं झालं काम, तर दोन मिनिटांत तिथं गांधी उठल्यासारखं लाल झालं आणि खाज सुटली. तो लालपणा त्याच दिवशी उतरतो. एका सिटिंगला पंधरा-वीसपासून खूप टोचण्या असू शकतात, अर्धा-पाऊण तास जातो. जरा जाड शिरेला औषधाचा फेस करून घालतात, दोन सिरिंज जोडून हवेबरोबर इकडून तिकडं ढकलून फेस करतात, माझ्यासमोरच केला.

नंतर कापूस-टेप लावून झोपलेलं असतानाच घट्ट मोजा चढवतात. हा साधा मोजा नाही, मेडिकलमधला प्रेशरचा, माझा २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचा होता, मांडीपर्यंत. आणि लगेच चालायला लावतात, वीस मिनिटं, तिथंच दवाखान्याच्या बोळात मी फेऱ्या मारल्या. चालणं ह्यासाठी की औषध खोल शिरांत थांबू नये आणि पोटरीचा पंप चालू राहावा, आणि ॲलर्जी आलीच तर माणूस डॉक्टरांच्या नजरेसमोर असावा. दुसऱ्या दिवशी मी पार्लर उघडलं. म्हणजे कामावर जाता येतं हे खरं आहे, पत्रकात तेवढं बरोबर लिहिलंय. पण दोन आठवडे कडक पाण्याची आंघोळ नाही, वाफ नाही, पायाला मालिश नाही, पाण्याची घागर उचलणं नाही, उन्हात पाय उघडे टाकायचे नाहीत, लांबचा प्रवास शक्यतो नाही. मोजा काहीजणींना तीन दिवस सांगतात, काहींना तीन आठवडे, शिरेच्या जाडीवर आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो मोजा सहन होत नाही, म्हणून मी बायकांना सांगते दिवाळी झाली की करा.

आणि आता खरं दुखणं. तिसऱ्या दिवशी मोजा काढून मी पाय बघितला आणि रडले. जिथं लाल रेघा होत्या तिथं काळे-निळे वळ, एक दोन जागी दोरा फुगून कडक झालेला, हाताला गाठ लागत होती. आधीपेक्षा दहापट वाईट. मला कुणी, अगदी कुणी, सांगितलं नव्हतं की आधी वाईट दिसतं. मी नवऱ्याला पाय दाखवला नाही, पंधरा दिवस पार्लरमध्ये घोट्यापर्यंत लेगिंग घालून फिरले, दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली होतं असं. एवढंच. मग फेरतपासणीला डॉक्टरांनी कडक झालेल्या दोन जागी बारीक टोचून अडकलेलं जुनं काळं रक्त दाबून काढलं आणि म्हणाले हे काढलं नाही तर डाग जास्त पडतो. बघा, म्हणजे ही फेरतपासणी किती महत्त्वाची, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका तिला जातच नाहीत कारण त्या घाबरून किंवा रागावून घरी बसतात.

वळ दोन-तीन आठवड्यांत जातात. त्याच्या मागं तपकिरी रेघ राहते, चहा सांडून वाळल्यासारखी. शिरेतलं रक्त फुटून त्यातलं लोह कातडीत उतरतं त्याचा हा रंग, जळल्याचा नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर डाग पडला की उठून दिसतो आणि रेंगाळतो. बारीक शिरा तीन ते सहा आठवड्यांत फिक्या व्हायला लागतात, जाड निळ्यांना तीन-चार महिने, आणि हा तपकिरी डाग सहा महिने ते वर्ष सुद्धा घेतो, थोड्यांचा त्याहून जास्त राहतो. माझी पहिली सिटिंग दिवाळीनंतर झाली, संक्रांतीला पाय बरा पण पट्टेदार, पाडव्याला डाग अर्धे, आणि गणपतीत मी पहिल्यांदा कुणी न विचारता गुडघ्यापर्यंतचा ड्रेस घातला. मध्ये दोन सिटिंग अजून झाल्या, दर सहा आठवड्यांनी एक. एका सिटिंगला निम्म्याहून थोड्या जास्त गेल्या असतील. पूर्ण शंभर टक्के कधीच नाही, आज पण उजव्या मांडीला चार रेघा आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही कारण तोपर्यंत मला समजलं होतं काय अपेक्षा धरायची.

आणखी एक होतं, काहींना इंजेक्शनच्या जागेभोवती नवीनच बारीक लाल जाळी उठते, लालसर धूर पसरल्यासारखी. बाई म्हणते एक काढायला गेले आणि शंभर झाल्या. ती बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप जाते, घाईनं त्याच्यावर परत सुया मारत बसायचं नसतं.

आता ज्या गोष्टीनं मी हे पत्र लिहायला बसले ती. माझी एक जुनी गिऱ्हाईक, शिये गावची, घरात दूध-म्हशी, स्वतःच्या साठवलेल्या पैशांनी तिनं एका ठिकाणी हे करून घेतलं. बाराव्या दिवशी माझ्याकडं आली, दार लावून घेतलं आणि पाय दाखवून म्हणाली, ताई मी लई घाबरलो हो, माझा पाय भाजला त्यांनी, आता घरात काय सांगू. तिचा पाय अगदी माझ्या तिसऱ्या आठवड्यासारखा होता, काही भाजलं बिजलं नव्हतं, सगळं ठरल्याप्रमाणं चाललेलं. पण तिला मोजा एकच दिवस घालायला सांगितला होता, फेरतपासणीचं नाव नाही, आणि पैसे मात्र तीन सिटिंगचे आधीच घेतलेले. घरी सासूनं गरम पाण्यानं शेकायला लावलं, तेल चोळलं, म्हणजे जे करायचं नाही ते सगळं झालं. मी तिला माझे आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, मोबाईलमध्ये तारखेसकट आहेत, तेव्हा कुठं ती पाणी प्यायली. आता तिचे डाग उतरतायत. पण ते बारा दिवस तिला कशाला काढायला लावले? इलाज चुकीचा नव्हता हो साहेब, सांगणं चुकीचं होतं. एका कागदावर चार ओळी मराठीत लिहून दिल्या असत्या तर ती रडली नसती.

दुसरा प्रकार ह्याहून वाईट. केस काढायचं लेझर मशीन बऱ्याच पार्लरमध्ये आलंय, आणि शिरांवर पण मारून देतो असं सांगतात. माझ्याकडं आलेल्या एकीच्या पोटरीवर बोटाएवढे पांढरे चट्टे कायमचे राहिलेत, कुणी केलं ते मी लिहीत नाही. केसाचं मशीन केसाच्या मुळातला काळा रंग शोधतं, शिरेच्या लेझरला रक्ताचा लाल रंग धरायचा असतो. आपल्या कातडीतच रंग जास्त, मशीन चुकीचं असलं की ते शिरेपर्यंत न जाता वरची कातडीच भाजतं. पायाच्या शिरांना खोल जाणारं एनडी-याग नावाचं लेझर, १०६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं, ते वापरतात, सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात तेच बरं, आणि तेही डॉक्टरांच्या हातानं. पायाला इंजेक्शन पहिलं आणि लेझर उरलेल्या अगदी बारीक लाल रेघांना, जिथं सुई जात नाही किंवा सुईतल्या औषधाची ॲलर्जी आहे तिथं, असं मला दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं. पार्लर चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हात जोडून सांगणं आहे, गिऱ्हाईक जाईल म्हणून हे करू नका, आपल्याला थ्रेडिंग-वॅक्सिंगला लोक येतात ते आपल्यावर विश्वास आहे म्हणून.

चेहऱ्याचं थोडंसं. गालावर, नाकाच्या कडेला लाल रेघा घेऊन पोरी येतात आणि विचारलं तर कळतं मेडिकलमधनं गोरं व्हायचं मलम वर्षभर लावलंय. त्यात स्टिरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या फुगून वर दिसतात, उन्हात गेलं की तोंड लाल-लाल. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारनं २०१८ मध्येच केलंय, तरी मिळतात. त्या पोरींना मी फेशियल पण करत नाही, सरळ त्वचेच्या डॉक्टरकडं पाठवते, कारण ते मलम एकदम बंद केलं तरी तोंड भडकतं, ते सोडवायची पण पद्धत असते.

सोशल मीडियावर व्हिनेगरच्या पट्ट्या, लसणाचं तेल, शिरा घालवायचं क्रीम असं काय काय येतं. त्यानं आतली फुगलेली शीर बंद होत नाही. चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, संध्याकाळी पंधरा मिनिटं पाय उशीवर उंच ठेवणं, उभ्यानं काम करताना टाचा वर-खाली करणं, प्रेशरचा मोजा, ह्यानं जडपणा खरंच कमी होतो, मी रोज करते, रंकाळ्याला फेरी पण चुकवत नाही, पण आलेली रेघ त्यानं जात नाही. आणि इलाजानं गेलेली रेघ सहसा परत येत नाही तरी नवीन येऊ शकतात, कारण घराण्याचं रक्त आणि उभं राहणं तेच आहे. दोन-चार वर्षांनी एखादी सिटिंग लागली तर इलाज फसला असं समजायचं नाही.

कुणी करू नये ते पण लिहिते. पोटात बाळ असताना नाही, अंगावर पाजत असताना नाही. गरोदरपणात आलेल्या शिरा बऱ्याचदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिक्या होतात, तोवर थांबा. पायात खोल शिरेत गाठ होऊन गेलेली असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, पायाला जखम-इन्फेक्शन असेल तर नाही. आणि केल्यानंतर एकच पाय अचानक सुजला, पोटरी दगडासारखी दुखायला लागली, दम लागला, छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधारी किंवा झगमग आली, टोचलेल्या जागी काळी खपली धरून जखम झाली, तर फोनची वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे क्वचित होतं, पण माहीत पाहिजे. घोट्याजवळची फुगलेली शीर कधी पैंजण लागून नाहीतर खाजवून फुटली तर रक्ताची धार लागते, बायका घाबरून उभ्या राहतात आणि धार वाढते. आडवं व्हायचं, पाय उंच करायचा, स्वच्छ कापडानं बोटानं दाबून धरायचं, थांबतं, मग डॉक्टर.

पैशाचं एवढंच की सुरुवातीलाच सगळं मिळून विचारा, सोनोग्राफी, मोजा, सिटिंग किती, फेरतपासणीचे वेगळे का त्यात धरलेले, आणि कागदावर घ्या. नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या इलाजाला मेडिक्लेम सहसा मिळत नाही, मोठी शीर गळत असली तर तिचं वेगळं, त्याला मिळू शकतो, विमावाल्याला आधी विचारून घ्या. पॅकेजचे सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका, एक सिटिंग करा, दोन महिने पाय बघा, मग पुढची.

साहेब, तुमच्याकडं माझं मागणं आहे. तुमच्या आरोग्याच्या पानावर शहरातल्या त्वचेच्या आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडनं एकदा साध्या मराठीत लिहून घ्या, पहिल्या आठवड्यात पाय कसा दिसतो, महिन्यानं कसा, सहा महिन्यांनी कसा, फोटोसकट, आपल्या रंगाच्या पायांचे फोटो, गोऱ्या परदेशी बायकांचे नकोत. आणि पेपरात घालायला येणारी अशी पत्रकं, ज्यात डाग नाही आणि एका सिटिंगमध्ये असं छापलेलं असतं, ती आत घालण्याआधी कुणीतरी वाचावीत. ते पान आलं की मी त्याची झेरॉक्स काढून वॅक्सिंगच्या खोलीत भिंतीला लावणार आहे. शियेच्या त्या ताईचे आणि माझे फोटो, चेहरा न दाखवता फक्त पायाचे, आम्ही दोघी द्यायला तयार आहोत, तिला विचारलंय मी.

आपली रोजची वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर